गाडी लागते तिचा रोजा

अलमासला गाडी लागायची. वाटूरच्या फाट्यावरून निघालेली गाडी नीट वेग घ्यायच्या आत तिच्या जांभया सुरू व्हायच्या, मग ओठ पांढरे पडायचे, मग वरच्या ओठावर घाम. त्यानंतर गाडी थांबवायला फार वेळ मिळायचा नाही. मामाच्या लग्नाला जाताना बसमध्ये ती पुढच्या सीटवरच्या बाईंच्या शालूवर ओकली होती. त्या बाई नवरीच्या मावशी निघाल्या आणि लग्नात जेवणापेक्षा त्या शालूचीच चर्चा जास्त झाली. अलमास आता आठ वर्षांची होती आणि ही गोष्ट तिच्यासमोर कुणी काढली की उठून आत जायची.

म्हणून या रमजानमध्ये तिने पहिला रोजा धरायचा हट्ट धरला, तेव्हा घर खूश झालं आणि तिची आई, नाहिद, तेवढी काळजीत पडली.

उपाशी राहण्याची काळजी नाहिदला नव्हती. पोर चिवट होती. काळजी रस्त्याची होती. मूल पहिल्यांदा दिवसभराचा रोजा धरतं, तेव्हा घरात सोहळा असतो. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, भरलेलं घर, आणि संध्याकाळची अजान झाली की सगळ्यांच्या देखत मुलाच्या तोंडात खजूर. हा सोहळा कुणाकडे व्हायचा, यावरून दोन्ही आज्यांमध्ये महिनाभर फोन चालले होते. जालन्याच्या नानीचं कंबरेचं हाड मोडलेलं, तिला वाटूरला येणं शक्य नव्हतं. वाटूरची दादी, म्हणजे नाहिदची सासू शकीला, म्हणत होती की पहिली सहरी बापाच्या घरीच व्हायला पाहिजे. शेवटी तोड निघाली. पहाटेची सहरी वाटूरला, संध्याकाळची इफ्तार जालन्याला. दोघींचा मान राहिला. मधला रस्ता तेवढा पोरीच्या वाट्याला आला, आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही.

नाहिदच्या लक्षात आला. आदल्या आठवड्यात तिने प्रवासाची पिशवी काढली आणि ती घेऊन तशीच बसून राहिली. पिशवीत आलेपाक होता, लवंगा, वेलदोडे, भाजलेली बडीशेप, ओवा, मिठात मुरवलेल्या लिंबाच्या फोडी. गाडी लागू नये म्हणून चार वर्षांत जे जे उपाय तिने केले, ते सगळे तोंडातून जाणारे होते. आणि रोज्यात तोंडात काही घालायचं नसतं.

तिने जालन्याला वडिलांना फोन लावला. सिराजोद्दीन घड्याळं दुरुस्त करायचे आणि फावल्या वेळात मोहल्ल्यातल्या मुलांना कुराण शिकवायचे. घरात रोज्या-नमाजाबद्दल काही अडलं की त्यांनाच विचारत.

"अब्बा, रोज्यात लिंबू हुंगलं तर चालतं का?"

"हुंगायला काय होतंय. अत्तर लावतोच ना आपण. फक्त चाटू नको म्हणावं."

"आणि अब्बा, समजा गाडीत..."

"नाहिद," शकीला मागून म्हणाली, "आधीच तोंडातून वाईट काढू नको. काही होत न्हाई. मी आहे ना बराबर."

नाहिदने सासूसमोर पुढचा प्रश्न विचारला नाही. सासू गेल्यावर पुन्हा फोन करू असं ठरवलं, आणि मग सहरीच्या तयारीत, कपड्यांच्या मापात, पाहुण्यांच्या याद्यांत ते राहून गेलं.

रविवारी पहाटे अलमास हाक मारायच्या आधीच उठली. नाहिदने तिच्यासाठी मऊ खिचडी आणि दही काढून ठेवलं होतं. हलकं खाल्लेलं बरं असतं, एवढं तिला अनुभवाने कळलं होतं. पण शकीलाने तुपातले पराठे लाटले होते, वर खीर. "दिवसभर उपाशी राह्यचंय लेकराला," असं म्हणत तिने ताटात तिसरा पराठा घातला. अलमासने तो संपवला. त्या दिवशी तिला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं.

दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा शकीला कामाला लागली. तोंड बंद असेल तर बाहेरून उपाय करायचे, असं तिचं सरळ गणित होतं. तिने हिंग पाण्यात कालवून नातीच्या बेंबीभोवती लावला. डोक्याला खोबरेल थापलं. नव्या गुलाबी ओढणीला अत्तर लावलं, थोडं नाही, चांगलं बोट फिरवून. हातात लिंबू दिलं. साजिद, अलमासचा बाप, सकाळीच मोटारसायकलवर जालन्याला पुढे गेला होता, नाहीतर त्याच्याकडून तिने आणखी काहीतरी मागवलं असतं.

बद्रीनाथ गाडी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी राहणारा हा माणूस गेली कित्येक वर्षं लग्नाची, दवाखान्याची, बाजाराची भाडी मारायचा. आज त्याने गाडी आतून धुतली होती आणि आरशाला मोगऱ्याच्या वासाची नवी बाटली लटकवली होती.

"पहिला रोजा आहे पोरीचा," तो म्हणाला. "म्हटलं गाडीला जरा वास पाह्यजे."

"भाऊ, तिला गाडी लागते," नाहिद म्हणाली.

"भाभी, मला सांगून राह्यल्या का तुम्ही? माझ्या गाडीत नवरदेव ओकलाय, शेरवानीत. हे बघा." त्याने मागच्या सीटवर वर्तमानपत्राच्या घड्या पसरल्या होत्या. "पेपरवर बसलं की गाडी लागत न्हाई. आपला अनुभव आहे."

"नवरदेव बसला होता का पेपरवर?" अलमासने विचारलं.

बद्रीनाथने पेपरची घडी सारखी केली. "तो उभा राह्यचं म्हणत होता," तो म्हणाला, आणि डिकी उघडायला गेला.

डिकीत शकीलाचे तीन मोठे डबे गेले, खिम्याचे समोसे, भजी आणि गोड शेवया. जालनेकरांनी नाव ठेवायला नको म्हणून ती सकाळपासून तळत होती. पुढच्या सीटवर शकीला बसली. तिचे गुडघे दुखायचे आणि ती घरातली मोठी होती, त्यामुळे ती जागा तिचीच, त्यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. नाहिदला वाटलं, म्हणावं, अम्मा, पोरीला पुढे बसू द्या, समोरचा रस्ता दिसला की तिला कमी त्रास होतो. सोहळ्याच्या दिवशी सासूला उठवायचं धाडस तिला झालं नाही. ती अलमासला घेऊन मागे बसली. पाठीशी समोसे, समोर मोगरा, मध्ये हिंग आणि अत्तर.

गाव सुटलं. मार्चचं ऊन होतं, शेतं कापून मोकळी झाली होती, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत चालले होते. बद्रीनाथ त्यांच्या मागे जायचा, ब्रेक मारायचा, बाहेर काढायचा, समोरून ट्रक आला की परत आत घ्यायचा. प्रत्येक वेळी गाडी एकदा पुढे आणि एकदा बाजूला झुके. नाहिद दर वेळी पोरीच्या तोंडाकडे बघायची.

"लांब बघ. झाडाकडे बघ. जवळचं बघू नको."

अलमासने मान हलवली. लिंबू नाकाशी धरलं.

"काच खाली घेऊ का?"

"धूळ येऊन राह्यली," पुढून शकीला म्हणाली. "कपडे बघ तिचे."

नाहिदने काच बोटभर खाली केली. आलेली हवा गरम होती आणि तिच्यासोबत ट्रकचा धूर आला. तिने ती परत वर घेतली. अलमासचं मनगट हातात घेऊन तळव्याच्या खाली तीन बोटं सोडून ती दाबत राहिली. मोबाईलवर कुणीतरी दाखवलं होतं, तिथं दाबलं की मळमळ थांबते. खरं की खोटं तिला माहीत नव्हतं. हाताला काहीतरी काम होतं, एवढं खरं. तिच्या स्वतःच्या घशाला कोरड पडली होती आणि कपाळ ठणकत होतं, पण आज तिच्या उपवासाकडे लक्ष द्यायला कुणाला, तिलाही, सवड नव्हती.

साजिदचा फोन आला. "निघाले का?"

"निघालो."

"अलमास कशी आहे?"

"ठीक आहे," नाहिद म्हणाली, आणि त्याच वेळी अलमासने जांभई दिली.

साजिद सांगत होता की पाहुणे येऊ लागलेत, खुर्ची सजवून झाली, फुलवाला हार देऊन गेला. नाहिद हं हं म्हणत होती. दुसरी जांभई. मग तिसरी. तिने फोन ठेवला.

"बेटा, मळमळतंय का?"

अलमासने मान हलवली. नाही.

"खरं सांग."

अलमासने अंगठा वर करून दाखवला. तोंड उघडलं नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती पुन्हा पुन्हा आवंढा गिळत होती.

शकीलाने वळून पाहिलं. "अलमास, इकडं बघ. उलटी आली तरी दाबून धर. थोडं राह्यलं आता. उलटी झाली म्हंजे रोजा गेला. तू आपली शेर आहेस ना? दाबून धरायची."

अलमासने दादीकडे बघून मान हलवली. आज्ञाधारकपणे, दोनदा.

"अम्मा, असं नका सांगू तिला," नाहिद म्हणाली.

"मंग काय सांगू? नानीच्या दारात जाऊन सांगायचं का, तुटला म्हणून? साठ माणसं बोलावलीत."

बद्रीनाथ रस्त्याकडे बघतच म्हणाला, "चाची, पोटाचं काय ऐकून घेत न्हाई बरं का. नवरदेवालाही सासऱ्यानं दाबून धर म्हणलं होतं."

"तू गाडी चालव."

समोर पुन्हा ट्रॅक्टर आला. ब्रेक लागला, गाडी झुकली, आणि अलमासच्या छातीतून एक उचकीसारखा धक्का आला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गाल फुगले. डोळे मोठे झाले आणि त्यांतून पाणी आलं. तिने तोंड उघडलं नाही.

नाहिदला कळायला एक क्षण लागला. तोंड भरलेलं होतं आणि पोर ते तसंच धरून बसली होती.

"भाऊ, गाडी थांबवा."

"मागं ट्रक आहे भाभी, जरा पुढं..."

"आत्ता थांबवा."

बद्रीनाथने गाडी कडेला घेतली. चाकं मुरमावरून खडखडत थांबली. नाहिदने दार उघडून पोरीला बाहेर ओढलं. बांधावर एक कडुलिंबाचं झाड होतं, तिथपर्यंतही ती पोचली नाही, मध्येच गुडघ्यावर बसली. अलमासचे हात तोंडावर तसेच होते. बोटांमधून थेंब येत होते. ती मान हलवत होती, नाही, नाही.

"थूक, बेटा."

अलमासने डोळे मिटून घेतले. तिचा गळा हलला. ती ते गिळायला बघत होती.

नाहिदने तिचे हात तोंडावरून खेचून काढले. "थूक दे. जाऊ दे रोजा. थूक."

मग ते आलं. सगळं आलं, पहाटेचे पराठे आणि खीर धरून, गुलाबी ओढणीवर, नाहिदच्या बुरख्याच्या बाहीवर, मुरमावर. नाहिद तिची पाठ चोळत राहिली. आलेलं थांबल्यावर अलमासने पहिल्यांदा तोंड उघडून श्वास घेतला, आणि त्याच श्वासात ती रडायला लागली.

"तुटला. दादी, तुटला माझा."

शकीला गाडीचं दार धरून उभी होती.

नाहिदने फोन काढला. हात चिकट होते, दोनदा नंबर चुकला. वडिलांचा आवाज आला तेव्हा मागे भांड्यांचा आणि मुलांचा गलका ऐकू येत होता. तिने थोडक्यात सांगितलं.

"आपोआप झाली ना?" सिराजोद्दीनांनी विचारलं. "बोट घालून काढली नाही ना कुणी?"

"उलट ती दाबून धरत होती, अब्बा. गिळायला बघत होती."

"गिळली का?"

"नाही. मी थुंकायला लावलं."

"मग रोजा शाबूत आहे," ते म्हणाले. "आपोआप आलेल्या उलटीने जात नाही. तोंडात आलेली जाणूनबुजून परत गिळली असती, तर मात्र गेला असता. बरं झालं थुंकायला लावलंस. चूळ भरू दे तिला, पाणी आत जाऊ देऊ नको."

फोन मोठ्या आवाजावर होता. शकीलाने ऐकलं आणि तिने दाराच्या मुठीवरून हात काढून ओढणी सारखी केली. अलमासनेही ऐकलं. तिचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

"शाबूत म्हणजे आहे ना, नाना?"

"आहे, बेटा. पण नाहिद, ऐक. लहान आहे ती. तिच्यावर रोजा फर्ज नाही अजून, सक्ती नाही. तब्येत बघ तिची. तू समोर आहेस, मी नाही. तू बघ."

नाहिदने फोन ठेवला. तिला वाटलं, संपलं, आता निभावलं. तिने बाटलीतलं पाणी ओंजळीत देऊन पोरीला चूळ भरायला लावली. ओढणी काढून डिकीत टाकली, बेंबीभोवतीचा हिंग ओल्या रुमालाने पुसला. बद्रीनाथने न सांगता आरशाची मोगऱ्याची बाटली उपटून काढली, शेताकडे फेकायला हात उगारला आणि मग शेत कुणाचं तरी आहे हे आठवून ती सीटखाली, झाकण घट्ट लावून, ठेवली. चारही दारं उघडी करून त्याने गाडी वाऱ्यावर ठेवली.

"बसू या का?" त्याने विचारलं.

अलमास झाडाखाली उभी होती ती वाकली आणि पुन्हा ओकली. या वेळी पोटात काही नव्हतं. पिवळं पाणी आलं. थोड्या वेळाने परत, आणि या वेळी तेही नाही, नुसते उमासे. गाडी तर थांबलेली होती. हलणारं काहीच नव्हतं, तरी थांबत नव्हतं.

नाहिदने तिला मांडीवर घेतलं. पोरीचे हात गार होते, एवढ्या उन्हात. तिने चिमटीत हातावरची कातडी धरून सोडली, दवाखान्यात नर्सला करताना तिने पाहिलं होतं. काय बघायचं असतं हे तिला नीट आठवेना. जीभ बघितली, कोरडी. रडून थोडाच वेळ झाला होता, पण डोळे कोरडे दिसत होते, आत गेल्यासारखे.

"उभी राहून दाखव बेटा."

अलमास उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि झाडाला धरलं. "फिरतंय," ती म्हणाली. मग लगेच, "थोडंसंच."

साजिदचा फोन वाजत होता. नाहिदने तो उलटा करून जमिनीवर ठेवला. सूर्य अजून बराच वर होता. जालन्याचा रस्ता निम्माही झाला नव्हता आणि उरलेल्या रस्त्यावर आणखी ट्रॅक्टर होते. पोर तिथवर जाईल का, हा एक प्रश्न. गेली तर अजानपर्यंत बसेल का, हा दुसरा. आणि बसली, हार घालून, सजवलेल्या खुर्चीत, सगळ्यांच्या समोर, आणि तिथे कोसळली तर? नाहिदने हे सगळं लागोपाठ विचारात घेतलं आणि मग तिला जाणवलं की यातला एकही प्रश्न खरा नाही. खरा प्रश्न तिच्या हातात होता, बाटलीत, अर्धा भरलेला.

तिने डिकीतून शेवयांचा डबा उघडून वरची साखर बोटांनी गोळा केली. बद्रीनाथने त्याच्या जेवणाच्या डब्यातली मिठाची पुडी काढून दिली. बाटलीत दोन्ही टाकून तिने बाटली हलवली. अलमास ते बघत होती. काय चाललंय हे तिला कळलं होतं.

"मम्मी, नको."

"दोन घोट."

"नाना म्हणाले शाबूत आहे."

"हो. शाबूत आहे."

"मग कशाला? मी दाबून नाही धरणार आता. मी नुसती बसते. मी झोपते. मम्मी, खरंच नुसती झोपते."

नाहिदने शकीलाकडे पाहिलं. कुणीतरी बोलावं असं तिला वाटत होतं, हो म्हणावं किंवा नको म्हणावं, म्हणजे अर्धं ओझं तिकडे गेलं असतं. शकीला नातीच्या पायाशी मुरमावर बसली होती, गुडघे दुखत असतानाही, आणि तिचा तळवा आपल्या हातात घेऊन चोळत होती. "पाय गार पडून राह्यलेत," ती म्हणाली. एवढंच.

नाहिदने बाटलीचं झाकण भरलं आणि पोरीच्या ओठाला लावलं. अलमासने तोंड मिटून मान फिरवली. नाहिदने दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली. तिला जोर करावा लागला, फार नाही, पण करावा लागला. पाणी आत गेलं. अलमासने ते गिळलं आणि ती आईकडे अशी बघत राहिली की नाहिदला दुसरं झाकण भरताना खाली बघावं लागलं.

दुसरं झाकण अलमासने स्वतः घेतलं. तिसरंही. पाणी पोटात राहिलं.

थोड्या वेळाने हात उबदार झाले, तेव्हा निघायचं ठरलं. शकीलाने पुढचं दार उघडलं आणि अलमासला आत बसवून पट्टा लावला. स्वतः मागे, वर्तमानपत्रांवर बसली. समोशांचे डबे तिने आपल्या पायांमध्ये घेऊन झाकणांवर चादर गुंडाळली.

काचा खाली होत्या. बद्रीनाथ आता ट्रॅक्टरच्या मागे निमूट राहत होता. त्याने समोरच्या खणातून कागदाची पुडी काढली. "आलेपाक आहे. मंठ्याच्या बाजारचा. आता तर चालतंय ना, बेटा?"

अलमासने मान हलवली. नाही.

"अगं, आता काय हरकत? रोजा तर..." तो थांबला.

"पाणी मम्मीने दिलं म्हणून पिते," अलमास समोर बघत म्हणाली. "खाणार नाही. अजान झाल्यावर खाईन."

दर थोड्या वेळाने नाहिद मागून हात पुढे करून झाकण द्यायची. अलमास घ्यायची, पिऊन झाकण परत करायची, आणि आईकडे बघायची नाही. समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता, वारा तोंडावर येत होता. जांभई आली नाही. नाहिद तरी आरशातून तिचे ओठ बघत राहिली.

जालना दिसू लागल्यावर शकीलाने आवाज खाली केला. "नाहिद. पाणी कुणी पाह्यलं? मी तर न्हाई पाह्यलं."

नाहिदने झाकण बाटलीला घट्ट लावलं.

"बद्री, तू पाह्यलं का?"

"मी रस्ता बघून राह्यलो होतो, चाची."

"बघ. फर्ज तर न्हाईच म्हणाले तुझे अब्बा. लेकराचं मन मोडंल, तुझी आई बिचारी एवढ्या दिवसांनी उठून बसलीय. हार घालू, खजूर देऊ, झालं. कोणाचं काय बिघडतंय?"

पुढच्या सीटवर अलमासची मान हलली नव्हती, पण ती ऐकत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. नाहिदच्या मनात आलं, हो म्हणावं. घरभर माणसं, आईचा चेहरा, साजिदने सजवलेली खुर्ची. हो म्हणणं सोपं होतं, आणि पोरही कदाचित गप्प बसेल. मग पुढची कितीतरी वर्षं कुणी हा दिवस काढला की ती उठून आत जाईल. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत नाहिदला काय बोलायचं ते सुचलं नव्हतं.

दार उघडंच होतं. साजिद मोबाईल उभा धरून चित्रण करत पुढे आला आणि पोरीच्या अंगावर ओढणी नाही हे बघून त्याचा हात खाली गेला. आत पलंगाशी नानी खुर्चीत बसली होती, मांडीवर मोगऱ्या-गुलाबाचा जाड हार. अलमास दारात थांबली.

"ये, माझी रोजेदार," नानीने हात पुढे केले.

"अम्मी, हार राहू दे," नाहिद म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा आला आणि खोलीतली बडबड थांबली. "रोजा मी सोडवला. रस्त्यात. तिला बरं नव्हतं, मी पाणी पाजलं. ती नको म्हणत होती."

कुणीतरी अरेरे म्हणालं. एक आत्याबाई म्हणाल्या, "मंग फोटोचं काय? मी साडी बदलून आले." दुसरी म्हणाली, "एवढंसं तर अंतर. थोडी कळ काढायला पाहिजे होती आईनं. आमच्या वेळी तर..."

"तुमच्या वेळी तुम्ही घरात बसून होत्या," शकीला मागून म्हणाली. तिला दारातून आत यायला जागा हवी होती आणि हातात डबे होते. "येत्या जुम्म्याला पुन्हा रोजा ठेवू पोरीचा. वाटूरला. तुम्ही सगळ्या या. बद्रीच्या गाडीत, मागच्या सीटवर, माझे समोसे मांडीवर घेऊन. मंग बोलू कळ काढायचं."

सिराजोद्दीनांनी नातीला जवळ घेतलं, कपाळाला हात लावून पाहिलं आणि नाहिदकडे बघून होकारार्थी मान हलवली. नानीने हार उचलून शेजारच्या टेबलावर ठेवला. तिला वाईट वाटलं होतं, ते तिने लपवलं नाही.

सजवलेली खुर्ची रिकामी राहिली. जमिनीवर जेवायचा लांब कापडी दस्तरखान अंथरला होता. अलमास मुलांच्या रांगेत जाऊन बसली, शेवटाला, भिंतीशी. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. समोरच्या ताटलीत खजूर होते, कापलेलं टरबूज होतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत बसली. शेजारच्या लहानग्याने टरबुजाला हात घातला तेव्हा तिने त्याचा हात धरून मागे केला.

नाहिद समोरच्या रांगेत बसली, अशा जागी की पोरीचं तोंड दिसावं. ओठांना रंग आला होता की दिव्याचा उजेड होता, ते तिला ठरवता येईना. पाणी टिकलं होतं. खाणं टिकेल का?

अजान झाली. सगळे हात एकदम पुढे गेले. अलमासने खजूर घेतला, अर्धा तोडला, चावून चावून गिळला, आणि थांबली. नाहिदही थांबली. काही झालं नाही. अलमासने उरलेला अर्धा तोंडात टाकला, मग टरबुजाची फोड घेतली, आणि फोड खाता खाता पहिल्यांदा मान वर करून आईकडे पाहिलं. रागानेच पाहिलं, पण पाहिलं. नाहिद तिच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली जातोय का ते.

शेजारून भावजयीने कोपर मारलं. "बाजी, अजान होऊन किती वेळ झाला."

नाहिदने खाली बघितलं. खजूर तिच्या मुठीत तसाच होता.